पायरीवरचं पाणी

झालं एवढंच होतं की, रंगाचं घाण पाणी मी एका आजीबाईंच्या पायरीवर ओतलं. कुणी ओरडलं नाही, कुणी भांडलं नाही. तरी पोर्तुगालमध्ये आर्किटेक्चर शिकायला गेले होते, त्या वर्षभराच्या मुक्कामातलं काही आठवायला बसले की आधी ती पायरीच समोर येते.

मार्चमधला शनिवार होता. पोर्तोमध्ये से कॅथेड्रलच्या खालून नदीकडे उतरणाऱ्या गल्ल्या आहेत, त्यातल्या एका गल्लीत मी सकाळपासून एका कठड्यावर मांडी ठोकून बसले होते. समोर चार मजली, जेमतेम पाच मीटर रुंदीचं घर. दारं-खिडक्यांना ग्रॅनाइटच्या चौकटी, मधल्या भिंतीवर बाटलीच्या काचेसारख्या हिरव्या टाइल्स, सगळ्यात वरच्या मजल्याला गंजलेला नालीदार पत्रा. दोन तासांत रेखाटन झालं, पहिला रंग लावून झाला, दुसरा अर्धामुर्धा. पाय आखडले म्हणून उठले आणि दाराची कडी जवळून बघायला गेले. तिकडे जुन्या दारांना लोखंडी हाताच्या पंजाच्या आकाराच्या कड्या असतात, पंजात एक छोटा गोळा धरलेला. ती बघता बघता हातातली मुरंब्याची बाटली मी सवयीने बाजूला झटकली. सकाळपासून करडा रंग कालवत होते, त्यामुळे पाणी चुलीतली राख कालवल्यासारखं झालं होतं. पायरीवर त्याचा मोठा ओघळ पसरला.

दार उघडलं. चौकटीचा झगा घातलेल्या, माझ्या आजीच्याच वयाच्या बाई. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, पायरीकडे पाहिलं. मग मागे वळून घरात कुणाला तरी हाक मारून काहीतरी सांगितलं. तोवर माझं पोर्तुगीज दुकानात हिशेब करण्यापुरतं होतं, पण त्या वाक्यातले दोन शब्द मला कळले, आणि कळले म्हणून मी आणखीनच ओशाळले. ‘बाल्द’ आणि ‘साबांव’. बादली आणि साबण. हे शब्द आपल्याकडे त्यांच्याकडून आलेत हे शाळेत पाठ केलं होतं. ते असे, माझ्याच पापाची झाडलोट करायला, माझ्यासमोर येतील असं वाटलं नव्हतं.

एका तरुण मुलाने बादली आणून दिली. बाईंनी लांब दांड्याच्या ब्रशने पायरी घासली. माझा ओघळ होता तेवढीच जागा नव्हे, तीनही पायऱ्या, कोपऱ्यांसकट. ब्लीचचा तो नाकात जाणारा वास आला. मी ‘देश्कुल्प, देश्कुल्प’ म्हणत तिथेच उभी. ब्रश द्या, मी घासते, हे म्हणायला शब्द नव्हते, आणि शब्द असते तरी मी म्हटलं असतं की नाही, देव जाणे. घासून झाल्यावर त्यांनी माझ्या हातातली बाटली काढून घेतली. मला वाटलं, गेली आता. त्या आत गेल्या, बाटली विसळून, भरून घेऊन आल्या आणि माझ्या हातात ठेवत म्हणाल्या, “आग्वा लिंपा, मेनीना.” स्वच्छ पाणी, पोरी. आणि दार लावून घेतलं.

समोर कठड्यावर माझं चित्र अजून वाळलंही नव्हतं.

रात्री खोलीत ते चित्र टेबलावर उभं करून ठेवलं. वाईट नव्हतं. टाइल्सचा हिरवा छान उतरला होता, पत्र्याचा गंज तर नेमका. मग नजर खाली गेली आणि लक्षात आलं की पायऱ्या नाहीतच. दार अर्ध्यापर्यंत रंगवलंय, त्याच्या खाली दोन-चार सैल रेघा आणि मग कोरा कागद. ही एक युक्ती आहे, आम्ही सगळेच करतो. चित्र खाली सोडून द्यायचं. वरचं छप्पर, खिडक्या, सावल्या मन लावून काढायच्या आणि जमिनीकडे येता येता हात ढिला करायचा, म्हणजे चित्र धुक्यातून वर आल्यासारखं दिसतं. इन्स्टाग्रामवर याला चांगली दाद मिळते. खरं कारण इतकंच असतं की तिथपर्यंत येईस्तोवर कंटाळा आलेला असतो आणि इमारत जमिनीला टेकते ती जागा काढायला सगळ्यात किचकट. तिथे गटार असतं, ओल असते, फरशीचे उतार असतात, कुणाची तरी कुंडी असते. म्हणजे दोन तास मी ज्या घराकडे टक लावून बघत होते, त्याची पायरी मला दिसलीच नव्हती. आणि दिसली नव्हती म्हणूनच बहुधा मी तिच्यावर पाणी ओतलं.

हे मला लागलं, कारण मी सावंतवाडीजवळच्या एका घरात वाढले आहे. तिथे दिवस पायरीपासून सुरू व्हायचा. पाऊस संपला की खळं, म्हणजे अंगण, चोपून गुळगुळीत करायचं, मग रोज सकाळी शेणाचा सडा, आठ-पंधरा दिवसांनी सारवण. उंबऱ्यावर रांगोळीची दोन बोटं. दहा वर्षांची झाल्यावर शनिवार-रविवारचा उंबरा माझ्याकडे आला आणि मला त्याचा मनापासून राग यायचा. दादाकडे सायकल, माझ्याकडे शेणाची बादली. मी चिडून उंबऱ्यावरच फतकल मारायचे, मग आजी आतून म्हणायची, “उंबऱ्यार बसा नको गो.” का नको, ते तिने कधी सांगितलं नाही. आर्किटेक्चरला गेल्यावर मी त्याची भारी भारी कारणं शिकले, आतल्या-बाहेरच्या मधली जागा वगैरे, आणि परीक्षेत लिहून गुणही मिळवले. उंबरठ्यावर दोन पानं लिहिणारी मी हॉस्टेलच्या खोलीचं दार मात्र चार वर्षांत एकदाही पुसलं नाही. त्या कामातून सुटण्यासाठीच शिकले, असंही मी मैत्रिणींना हसत हसत सांगायचे. त्यात हसण्यासारखं किती होतं कोण जाणे.

आणि ‘लिंपा’! त्यांच्याकडे लिंपा म्हणजे स्वच्छ. आपल्याकडे लिंपायचं ते शेणाने, मातीने. या दोन शब्दांचं एकमेकांशी काही नातं नसणार, उच्चार जुळला इतकंच. पण त्या रात्री मला ते दोन्ही शब्द एकाच बाईच्या तोंडचे वाटत होते.

तिथे शिकायला जायचं ठरलं तेव्हा घरच्यांना वाटलं होतं की तिकडे सगळं कॉम्प्युटरवर असेल. पोर्तोत उलटंच निघालं. त्या शहरातल्या आर्किटेक्चरच्या परंपरेत हाताने काढायला फार मान आहे. आर्किटेक्ट आल्वारो सिझा तिथलेच, १९३३ सालचा जन्म, १९९२ चं प्रित्झ्कर, म्हणजे आर्किटेक्चरमधला सगळ्यात मानाचा पुरस्कार, आणि आमची शाळा भरायची त्या इमारतीही त्यांनीच केलेल्या. त्यांच्या आधीच्या पिढीतले फर्नांदो ताव्होरा १९६० साली शिष्यवृत्तीवर जग फिरायला निघाले, अमेरिका झाली, जपान झालं, आणि वाटेत पानंच्या पानं रेखाटत गेले. या गोष्टी तिथे आपल्याकडच्या घराण्यांच्या गोष्टींसारख्या सांगतात, कोण कुणाचा शिष्य, कुणाचा हात कुणासारखा. पहिल्या आठवड्यात मला जाड वही घ्यायला लावली आणि सांगितलं, फोटो कमी काढ. चार महिने मला हे ढोंग वाटत होतं. भर पावसात छत्री मानेत धरून कशाला काढायचं, मोबाइल कशाला आहे?

पाऊस मला नवा नव्हता. पोर्तोला वर्षभरात पडतो तो आमच्याकडच्या निम्माही नसेल. पण आमचा पाऊस येतो, धिंगाणा घालतो आणि जातो. तिकडचा हिवाळाभर चिकटून बसतो, भुरभुर भुरभुर. जलरंगवाल्याचे हाल दोन्हीकडे सारखेच. पहिला हात दिला की अर्धा-अर्धा तास कागद ओला. धीर सुटून दुसरा रंग लावलात की आधीचा रंग मागे ढकलला जातो आणि कडा फुटून फुलासारखे डाग उमटतात. आमच्या शाळेतले चित्रकलेचे सर अशा वेळी म्हणायचे, कागदाला हाताची उलटी बाजू लाव, गार लागला म्हणजे अजून आत पाणी आहे. पोर्तोतल्या कॅफेंमध्ये मी वहीच्या पानांना उलटा हात लावत बसलेली असायचे. लोकांना वाटत असेल, या मुलीच्या वहीला ताप आलाय.

आणि करडा. ग्रॅनाइटचं शहर म्हणजे करड्याचं शहर, आणि मी पुण्याहून रंगपेटीतला तयार काळा घेऊन गेलेली. त्याने दगड मेल्यासारखा दिसायचा. मग अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना एकत्र करून करडा कालवायला शिकले. निळा थोडा जास्त पडला की सावलीतली भिंत, तपकिरी जास्त पडला की उन्हातली, आणि दोन्ही नीट न मिसळता कागदावरच भेटू दिले की दगडातल्या अभ्रकाच्या कणांचा भास. हे जमायला लागलं तेव्हा मला वाटलं, झालं, पोर्तो हातात आलं. नोव्हेंबरात आमच्या ड्रॉइंगच्या बाईंनी वही चाळली, मान डोलावली आणि विचारलं, “हे घर कशावर उभं आहे?” मला वाटलं, पर्स्पेक्टिव्ह चुकलंय. पुढच्या पानावर मी क्षितिजरेषा पट्टी लावून तपासली. बाई काय विचारत होत्या ते कळायला मार्च उजाडावा लागला.

त्यानंतर मी ठरवून खालून काढायला लागले. आधी जमीन, मग घर. प्रवासांचा क्रम बदलला नाही, चित्रांचा बदलला.

साओ बेंतो स्टेशन त्याआधीच काढून झालं होतं, आणि त्यात माझी चांगली फजिती झाली होती. त्या दालनात सुमारे २०,००० निळ्या-पांढऱ्या टाइल्स आहेत, लढाया, मिरवणुका, शेतातली कामं. त्या रंगवणाऱ्याचं नाव जॉर्ज कुलासो. म्हापशाच्या बाजारात पाटी वाचावी असं नाव. घोड्यांच्या पायांतच मी दीड तास घालवला, आणि पेनची शाई पाण्यात विरघळणारी आहे हे पहिला ब्रश फिरवल्यावर कळलं. सगळी लढाई निळ्या चिखलात गेली. जास्त सांगण्यासारखं नाही.

लेसाचे पोहण्याचे तलाव मात्र सांगायलाच हवेत. पोर्तोहून ५०० नंबरची बस समुद्राच्या कडेकडेने मातोझिन्योशपर्यंत जाते, पुढे पूल ओलांडून चालायचं. सिझा यांनी हे तलाव १९६६ मध्ये, म्हणजे वयाच्या तेहतिशीत पुरे केले. रस्त्यावरून बघाल तर इमारत जवळपास दिसतच नाही. सगळं रस्त्याच्या पातळीखाली. काँक्रीटच्या भिंती, कपडे बदलण्याच्या खोल्यांवर तांब्याचं हिरवं पडलेलं छप्पर. उतारावरून खाली गेलं की अंधारे बोळ लागतात. समुद्राचा आवाज येत राहतो, पण समुद्र दिसत नाही. वळण, आणखी एक वळण, आणि एकदम लख्ख. खडक जिथे होते तिथेच ठेवलेत, दोन-चार भिंती घालून मधल्या पाण्याला अडवलंय इतकंच. कुठे बांधकाम संपलं आणि कुठे खडक सुरू झाला हे रेघेने दाखवायला गेले आणि रेघच अडली. इथे चित्र खाली सोडून देण्याची सोयच नाही, कारण जे काही आहे ते खालीच आहे. एप्रिलचा पहिला आठवडा, वारा असा की क्लिपा लावूनही पान फडफडत होतं. बाटली कलंडली, पाणी गेलं. वर जाऊन कुठून तरी मागून आणायचं तर जागा आणि उजेड दोन्ही गेलं असतं. शेवटी खडकावर पालथी पडून बाटलीत समुद्राचं पाणी भरलं आणि त्यातच रंगवलं. रंग जरा दाणेदार बसला, वाळल्यावर पानावर बारीक चकाकी आली. मला फार आवडलं. अटलांटिकचं चित्र अटलांटिकने, असं काहीतरी त्या रात्री मी वहीत लिहूनही ठेवलंय. आता वाचून लाज वाटते.

लिस्बनला गेले ती आपल्याकडचे आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांच्यासाठी. तेजो नदी समुद्राला मिळते त्या बाजूला त्यांनी केलेलं शाँपालिमो संशोधन केंद्र आहे, २०१० साली उघडलेलं. सावंतवाडीच्या मुलांनी कोरिया आधी अनुभवलेले असतात, नाव मागाहून कळतं. शाळेच्या सहलीत पणजीला कला अकादमीत नेलं होतं, तिथे मांडवीच्या बाजूला मांडवाखाली बसून आम्ही डब्यातले कांदेपोहे खाल्ले होते. लिस्बनला दोन दगडी इमारतींच्या मधून एक उताराची वाट वर चढत जाते. चढताना पुढे फक्त आकाश दिसतं. वाट संपते तिथे दोन उंच दगडी खांब, आणि मग पाणी. मी वाटेच्या पायथ्याशी बसले आणि जमिनीपासून सुरुवात केली, तर चित्राचा निम्मा कागद जमिनीनेच खाल्ला. बाकी काही काढावंसं वाटेना. शेजारी एक पोर्तुगीज आजोबा येऊन बसले, चित्र बघितलं आणि कुठली म्हणून विचारलं. गोव्याच्या शेजारची, असं सांगितलं की तिकडे लोकांच्या चेहऱ्यावर एक ओळखीचा भाव येतो. त्याचं काय करावं हे मला कधी कळलं नाही. काही जण हळवे होतात, जणू आपण दुरावलेले चुलत. मला तेवढं हळवं होता येत नाही. आमच्या तालुक्यातल्या कितीतरी घरांत, पूर्वज फिरंग्यांच्या राज्यातून देव डोक्यावर घेऊन नदी ओलांडून आले, ही गोष्ट सांगतात. आजोबांनी पिशवीतून एक संत्रं काढून अर्धं मला दिलं. मी खाल्लं. गोड होतं. इतिहास आणि संत्रं एकाच हाताने कसं घ्यायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

एव्होराला पोचले तो जून. एव्होरा ज्या प्रदेशात आहे त्या आलेंतेजूचं ऊन म्हणजे विदर्भ. इथे उलटीच पंचाईत, ब्रश उचलायच्या आत रंग वाळतो, प्रत्येक फटकाऱ्याला कडक काठ येतो. आणि घरं सगळी पांढरी. जलरंगात पांढरा लावायचा नसतो, राखायचा असतो. म्हणजे भिंत काढायची तर भिंत सोडून बाकी सगळं काढायचं. पहिल्या दिवशी तीन कागद वाया गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला बाहेर पडले तेव्हा भिंतींच्या खालच्या बाजूला लक्ष गेलं. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीला जमिनीपासून गुडघाभर उंचीचा पट्टा, कुठे पिवळी माती, कुठे निळा. आमच्याकडे हाच पट्टा गेरूचा असतो. गणपतीच्या आधी भिंतीला चुना काढायचा आणि खाली गेरू ओढायचा, म्हणजे पागोळ्यांनी उडणारा चिखल भिंतीवर दिसत नाही. आजी म्हणायची, भिंतीक लुगड्याचो काठ. एका बोळात एक माणूस गुडघ्यावर बसून निळा पट्टा ओढत होता. त्याला ना सुतळी लागत होती ना पट्टी. नुसत्या नजरेने सरळ. मी त्याच्यासमोरच बसले. पहिल्यांदाच माझ्या चित्रात खालचा भाग सगळ्यात गडद आला आणि वरचं घर नुसतं कागदाचं पांढरं राहिलं. गावाबाहेर सिझा यांची मालागेरा वसाहतही बघितली. आठ बाय बारा मीटरचे प्लॉट, प्रत्येकात एक अंगण, अशी बाराशेच्या घरातली घरं, आणि त्यांच्या डोक्यावरून पाणी-वीज नेणारी काँक्रीटची उंच पन्हाळ. ती खूप गाजलेली. खरं सांगायचं तर मला त्या पन्हाळीपेक्षा तिच्या सावलीत खुर्च्या टाकून वाटाणे सोलत बसलेल्या बायका जास्त आठवतात.

जूनच्या शेवटी, परतीच्या चार दिवस आधी, मी त्या गल्लीत परत गेले.

मनात एक गोड दृश्य रचलेलं होतं. मी चित्र काढीन, बाईंना भेट देईन, त्या आत बोलावतील, कॉफी, मग त्या घरातला जिना आणि त्यावरचं काचेचं छप्पर बघायला मिळेल. पोर्तोची ही अरुंद घरं आत खूप खोल असतात, मध्यभागी जिना आणि त्याच्या डोक्यावर काचेचा घुमट, तिथून उजेड खालपर्यंत झिरपतो. आमच्या माजघरात एक काचेचं कौल होतं, त्यातून पडणारा उन्हाचा चौकोन दिवसभर भिंतीवरून सरकत जायचा. ते बाईंना कसं सांगायचं याची वाक्यंही जुळवून ठेवली होती. शेजारच्या घराला एव्हाना पर्यटकांना भाड्याने देण्याची निळ्या अक्षरांची पाटी लागली होती, दाराला आकड्यांचं कुलूप. बाईंची पायरी ओली होती, म्हणजे त्या होत्या.

त्याच कठड्यावर बसले आणि फक्त पायऱ्या काढल्या. तीन पायऱ्या, दीड तास. पाय पडून पडून मधली पायरी मध्यभागी दोन बोटं झिजली होती. त्या खळग्यात पाणी साचलं होतं आणि त्यात आकाशाची एक पट्टी. कोपऱ्यात ब्रश पोचत नाही तिथे शेवाळाची हिरवी रेघ. एका बाजूला भिंतीत लोखंडी पातं बसवलेलं, पूर्वी बुटांचा चिखल खरवडायचं. मार्चमध्ये यातलं काहीही मी पाहिलं नव्हतं. दार उघडलं. बाईंनी मला ओळखलं असावं, कारण त्यांनी आधी माझ्या बाटलीकडे बघितलं आणि मग बोटाने गल्लीच्या मधल्या गटाराकडे दाखवलं. मी जोरात मान हलवली. मग त्या खाली आल्या, चित्राजवळ वाकल्या, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, “एश्ता सूझु.” घाण झालंय. मला आधी वाटलं कागद मळलाय. मग त्यांनी चित्रातल्या पायरीवर बोट ठेवलं आणि तेच बोट खऱ्या पायरीकडे नेलं. तुझी पायरी मळकी आहे, माझी नाही.

बरोबरच होतं. ओला दगड गडद दिसतो म्हणून मी करडा दोनदा दिला होता, आणि घासलेल्या दगडावरचा उजेड त्यात बुडून गेला होता. ओलं आणि मळकं यांत कागदावर एका हाताचा फरक असतो. मी स्वच्छ ब्रश बाटलीत बुडवला, पायरीवरून फिरवला, रुमालाने टिपला. थोडा करडा उचलला गेला. पुन्हा केलं. बाई उभ्या राहून बघत होत्या, ब्रश फिरेल तशी त्यांची मान फिरत होती. तिसऱ्या वेळेला त्यांनी “हं” असं काहीतरी केलं. ते ‘ठीक’ होतं की ‘राहू दे आता’, ते मला सांगता येणार नाही. त्या आत गेल्या. कॉफी नाही, जिना नाही, काचेचा घुमट नाही. चित्र देऊ का, हे विचारायचं राहूनच गेलं. पाणी मी गटारात ओतलं, आणि दोन थेंब सांडले ते बुटाने पुसले.

परत येऊन आता वर्ष होईल. घरी खळ्यात दादाने पेव्हर ब्लॉक बसवलेत. सडा नाही, चोपण नाही, आईचे गुडघे सुटले, आणि याबद्दल हळहळायचा मला तरी अधिकार नाही. उंबरा तेवढा जुन्या फणसाचाच राहिलाय. मी कुडाळला एका ऑफिसात काम करते. साइटवर मिस्त्री ‘ताई, प्लिंथ बघून घ्या’ म्हणतो, म्हणजे घराचं जोतं, तेव्हा मी गरजेपेक्षा जास्त वेळ खाली वाकून बघते, आणि माणसं घमेली घेऊन खोळंबतात.

गेल्या वर्षी जुलै लागला तेव्हा कपाटातून वह्या काढल्या. आमच्याकडे या दिवसांत कागद वातड होतात, पण बाकी पानं तशी बरी होती. लेसाचं एक पान सोडून. त्याला बोट लावलं तर ओलं लागलं. रंग पुन्हा जागा झाला होता, खडकाचा तपकिरी समोरच्या पानावर उतरला होता. समुद्राच्या पाण्यातलं मीठ कागदात बसलेलं, आणि आमच्याकडच्या जुलैच्या हवेत मीठ सुटतंच, बरणीतलं काय आणि कागदातलं काय. मी उलटा हात लावून बघितला. गार.

आजीला दाखवलं. तिला आता नीट दिसत नाही. तिने पान नाकाजवळ नेलं, मग जिभेचं टोक लावलं. मी ओरडेपर्यंत लावलंसुद्धा. “खारट आसा गो,” म्हणाली, आणि उठून ती वही मागल्या पडवीतल्या चुलीवरच्या दोरीला, सुक्या बांगड्यांच्या शेजारी, उघडी करून टांगली. आठवड्याने काढली तेव्हा पान खडखडीत वाळलं होतं. धुराने अटलांटिक जरा पिवळा पडलाय, आणि वही उघडली की बांगड्याचा वास येतो.

या पावसात ती पुन्हा ओलसर लागतेय.